डाव्या पायावरचा आळ

गिअरबॉक्समधल्या जळक्या तेलाचा वास ज्याने एकदा घेतला, त्याला तो पुन्हा सांगावा लागत नाही. करपलेलं दूध, जुनं रबर आणि आठवडाभर न धुतलेले मोजे एकाच पातेल्यात उकळले तर येईल, तसा तो वास. अक्काने त्या वासात तीस वर्षं काढली होती आणि तीस वर्षांत तिला त्याची एक दिवस सवय झाली नव्हती. लोक हसायचे. धंदा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स उतरवायचा आणि नाक मात्र राणीचं! हसोत बापडे. अक्काचं म्हणणं असं, की घाणीचा वास यायचा बंद झाला की माणूस स्वतः घाण करायला मोकळा होतो. तिच्या नाकाने तिला कधी दगा दिला नव्हता.

त्या गुरुवारी सकाळी लॅबवाल्या बाईंची निळी गाडी लिफ्टवर चढलेली होती. अक्काने गिअरबॉक्सच्या तळाचा बोल्ट सैल केला, तेल घमेल्यात पडायला लागलं आणि तिने मान फिरवली. आठ महिन्यांपूर्वी बसवलेला गिअरबॉक्स. त्याचं तेल लालसर, स्वच्छ असायला हवं. हे काळं होतं, दाट होतं आणि त्याला एक कुजकट गोडूस दर्प होता.

"शी. हे तेल आहे का गटार?"

तिचा धाकटा भाऊ घमेल्यापासून चार हात लांब उभा होता. लहानपणापासून जिभेवर साखर, म्हणून सगळे त्याला साखऱ्या म्हणायचे. गॅरेज वडलांनी दोघांच्या नावावर ठेवलं होतं. अक्का गाडीखाली आणि साखऱ्या काउंटरवर, अशी वाटणी आपोआपच झाली होती. गिऱ्हाइकांशी बोलायचं, फोन घ्यायचे, सुटे भाग मागवायचे, ही त्याची कामं. हात त्याचाही चालायचा, अक्कानेच शिकवलं होतं त्याला. पण शर्ट मळेल असं काम समोर आलं, की नेमका कुणाचा तरी फोन यायचा.

"बाईंच्या मुलाचा फोन होता," तो म्हणाला. "दुसरा गिअरबॉक्स बसवून गाडी चालती करून द्या म्हणतो. रविवारी एक जण बघायला येणार आहे. विकून टाकणार."

"आणि बाई कामावर कशा जाणार?"

"त्याचं तो बघेल. आपल्याला काय करायचंय?"

अक्काला ते लागलं. लॅबवाल्या बाई गावाच्या पार दुसऱ्या टोकाच्या रुग्णालयात रक्त-लघवी तपासायच्या. सकाळी सहाची पाळी, आणि एकोणीस वर्षांत एकही पाळी त्यांनी चुकवली नव्हती. लहानपणी गच्चीवरून पाठीवर पडल्या, तेव्हापासून डावा पाय गुडघ्याखाली नुसता लटकलेला. हलत नाही, टोचलं तरी कळत नाही. डाव्या पायाने क्लच दाबायची गाडी त्यांच्या कामाची नव्हती. ऑटोमॅटिक गाडीला मात्र उजवा पाय पुरतो. "गाडीत बसले ना अक्का, की मी चारचौघांसारखी," असं त्या एकदा चहा पिताना म्हणाल्या होत्या. ती गाडी रविवारी गेली, की बाईंनी रोज पहाटे कुणाच्या तरी दारात 'मला सोडता का' म्हणत उभं राहायचं. नाहीतर घरी बसायचं.

पण गिऱ्हाइकाच्या घरात आपण कोण नाक खुपसणारे? अक्काने बॅटरीच्या तारा सोडल्या, तेलाच्या नळ्या सोडल्या, इंजिनाखाली टेकू दिला. मग गिअरच्या दांड्याची केबल सोडवायला ती गाडीच्या आत शिरली आणि तिचा हात ड्रायव्हरच्या सीटखाली कशाला तरी अडकला. जाड कापडाचा पट्टा होता. एक टोक सीटच्या लोखंडी पायाला घट्ट शिवलेलं, दुसऱ्या टोकाला बक्कल. घामाने आणि घासून घासून मधोमध काळा पडलेला.

"हे काय रे?" तिने बाहेर डोकं काढून विचारलं.

साखऱ्याने पट्ट्याकडे बघितलं आणि लगेच दुसरीकडे बघितलं. "काय माहीत. सामान बांधत असतील." आणि त्याला फोन आला.

दुपारी बाई स्वतःच आल्या, गाडीतलं आपलं सामान न्यायला. छत्री, चष्म्याचं घर, उशीचा तुकडा, एवढंच सामान. रिक्षातून उतरताना त्यांना दोनदा थांबावं लागलं. साखऱ्या बँकेत गेला होता. अक्काने खुर्ची पुसून दिली आणि सामान पिशवीत भरता भरता पट्ट्याचं विचारलं.

"तो होय," बाई म्हणाल्या. त्या हसल्या, पण ते हसणं अक्काला बघवेना. "तो पायासाठी. डाव्या."

"पायाला पट्टा कशाला?"

"तुमच्या भावानेच नाही का शोधून काढलं? तीन महिन्यांपूर्वी गाडी धक्के मारायला लागली, तेव्हा आम्ही आलो होतो, मी आणि माझा मुलगा. तुम्ही आत कामात होतात. त्यांनी गाडी बघितली आणि म्हणाले, मॅडम, तुमचा डावा पाय घसरून ब्रेकवर पडून राहतो. तुम्हाला जाणवत नाही. गाडी एकीकडे पळते, एकीकडे ब्रेक, त्याने गिअरबॉक्स आतून जळतो. चांगलं समजावून सांगितलं हो. मुलाला तर कागदावर चित्र काढून दाखवलं."

अक्काच्या हातातली पिशवी तशीच राहिली.

"मला कसं कळणार, अक्का? पाय माझा, पण मला कुठे कळतंय तो कुठे आहे ते. मग मी पट्टा शिवला. रोज बसले की बांधायचा. तरी सिग्नलला थांबले की वाकून बघायची, आहे ना जागेवर. मागचे हॉर्न वाजवायचे. आणि एवढं करून गिअरबॉक्स गेलाच. मुलगा म्हणाला, आई, आज गिअरबॉक्स गेला, उद्या माणूस जाईल कुणाचा तरी. खरंच आहे ते. दुसऱ्यांच्या रक्ताचे दोष सांगायचे आणि आपल्या पायाची खात्री नाही. म्हटलं, विक बाबा."

त्या रिक्षात बसून गेल्या. अक्का गाडीच्या दाराशी तो सीटचा पट्टा हातात धरून उभी राहिली. तिला काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं, आणि काय ते कळत नव्हतं म्हणून आणखी चिडचिड होत होती. मग तिने सरळ पाना उचलला आणि गाडीची पुढची चाकं काढली.

ब्रेकवर पाय पडून राहिला तर गिअरबॉक्सच्या आधी ब्रेक जळतात. हे पोराटोरांनाही कळेल. अस्तरं झिजून पातळ होतात, तबकड्यांवर निळे डाग पडतात. बाईंच्या ब्रेकची अस्तरं जाडच्या जाड होती. तबकड्या स्वच्छ, एक डाग नाही. हा पाय ब्रेकवर कधी पडलाच नव्हता.

साखऱ्याने गाडी बघितली म्हणे. चाकं न काढता? कुठल्या डोळ्यांनी बघितली?

तिने संध्याकाळपर्यंत गिअरबॉक्स जॅकवर उतरवला आणि टेबलावर घेतला. मेलेला गिअरबॉक्स कुणी उघडत नाही. भंगारात जातो तो. पण अक्काने उघडला. आतला वास एकदम तोंडावर आला आणि तिला ओकारी आली. बाहेर जाऊन चार श्वास घेऊन ती परत आली. ऑटोमॅटिकच्या पोटात असतात त्या क्लचच्या चकत्या कोळसा झाल्या होत्या. तेलाची गाळणी गच्च भरलेली. तिने गाळणीवरचा चिखल बोटाने खरवडला, रॉकेलमध्ये खंगाळला आणि उजेडात धरला. चिखलात पिवळं चमकत होतं. पितळ.

आता या गिअरबॉक्समध्ये पितळेच्या चारच चकत्या असतात. अक्काने चारही काढून पुसल्या. चारही धडधाकट, कडासुद्धा तुटलेल्या नाहीत. मग हा चुरा आला कुठून?

कुठून ते तिला तेव्हाच कळलं, पण मानवेना. गाडीचा पहिला, मूळचा गिअरबॉक्स पितळेची चकती फुटूनच गेला होता. तो बदलला तेव्हा अक्काच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, महिनाभर ती घरी पट्टी बांधून बसली होती. काम साखऱ्याने केलं होतं. "अक्का, तुझ्यावाचून अडलं नाही बघ," असं फोनवर सांगितलंही होतं, आणि तिला कौतुक वाटलं होतं.

गिअरबॉक्सचं तेल थंड व्हायला पुढे रेडिएटरपाशी कूलरमध्ये जातं आणि नळ्यांमधून परत येतं. गिअरबॉक्स फुटला की त्याची सगळी घाण त्या कूलरमध्ये जाऊन बसते. म्हणून नवा बसवायच्या आधी कूलर आणि नळ्या धुवायच्या असतात, आणि नळीच्या तोंडाशी पांढरं फडकं धरायचं असतं. फडकं पांढरं राहीपर्यंत धुवायचं. हा वडलांचा नियम. ते जुन्या चादरी फाडून फडकी करायचे, आणि अक्काची आई त्यावरून त्यांना बोल लावायची. न धुता नवा गिअरबॉक्स बसवला, तर पहिल्याच फेरीला जुन्याची घाण नव्याच्या पोटात.

अक्काने नळीच्या तोंडाशी फडकं धरलं आणि दुसरीकडून हवा सोडली. जे आलं ते फडक्यात मावेना. काळा, चिकट, दुर्गंधी गोळा, आणि त्यात पिवळ्या पितळेचे कण. कूलरचा निम्मा मार्ग त्याने बुजलेला होता.

शुक्रवारी सकाळी साखऱ्याने शटर वर केलं तेव्हा अक्का आतच बसलेली होती. टेबलावर ब्रेकची अस्तरं, चार चकत्या आणि ते फडकं. त्याने बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला. खाई त्याला खवखवे, दुसरं काय.

"धुतला नव्हतास," ती म्हणाली.

"हवा मारली होती. धुवायचं औषध संपलं होतं, मॅडम घाई करत होत्या, तू नव्हतीस—"

"माझ्यावर ढकलू नकोस. आणि पायाचं काय ते?"

"कसल्या पायाचं?"

"साखऱ्या."

तो स्टुलावर बसला. बसताना रुमाल अंथरून बसला, आणि ते बघून अक्काच्या डोक्यात तिडीक गेली.

"गाडी धक्के मारतेय म्हणून आल्या, तेव्हाच मला कळलं काय झालंय ते. पण मुलगा समोर उभा. आमच्याकडून राहिलं म्हणून सांगायचं? एवढ्या वर्षांचं नाव आहे आपलं, अक्का. काहीतरी सांगायला हवं होतं. सुचलं ते सांगितलं. त्यात कुणाला काही लागलं नाही, कुणी भांडलं नाही. आणि खरं सांगू, पाय त्यांचा पडतही असेल. त्यांना थोडंच कळतंय?"

अक्काला काल गिअरबॉक्स उघडताना आली होती तशी ओकारी आली. घाण तिने आयुष्यभर बघितली होती. उंदीर मेलेले एअर फिल्टर, कुजलेली सीट, काय काय. ती सगळी घाण साबणाने जात होती. पण ज्या बाईला स्वतःचा पाय कळत नाही, तिच्यावर तिला खोटं पाडता येणारच नाही असा आळ शोधून काढायचा, वर मुलाला चित्र काढून दाखवायचं! आणि हा आपल्याच आईच्या पोटचा, आपल्याच ताटात जेवलेला. याला आपण पाना धरायला शिकवलं.

"रविवारी गाडी जाईल," साखऱ्या हळूच म्हणाला. "झाकली मूठ आहे. उघडलीस तर आपलंच हसं होईल. आपलेच दात, आपलेच ओठ."

हेही खोटं नव्हतं. गावात गॅरेजं काय कमी होती? एक तोंड बोललं की दहा गिऱ्हाइकं रस्त्यापलीकडे.  अक्काच्याही मनात आलंच, नवा गिअरबॉक्स चोख बसवावा, कूलर बदलावा आणि तोंड मिटावं. यंत्राचं पाप यंत्रापुरतं फेडलं जाईल. मग तिला बाई दिसल्या, सिग्नलला वाकून आपला पाय जागेवर आहे का ते बघणाऱ्या. आपण गप्प बसायचा विचार केला याचीच तिला शिसारी आली.

"शर्ट काढ," ती उठत म्हणाली. "गाडीखाली ये."

तो सगळा दिवस आणि शनिवारची सकाळ साखऱ्या गाडीखाली होता. अक्काने तडजोड केली नाही. कूलर नवा घातला. नळ्या त्याच्याकडून धुवून घेतल्या, फडक्यामागून फडकं. अकरावं फडकं पांढरं राहिलं, तेव्हा तिने मान हलवली. कमी चाललेल्या गाडीचा गिअरबॉक्स आणला होता, तो आधी तळ उघडून तपासला, हुंगला. मग कन्व्हर्टर बसवायचा. हा तेलाने भरलेला जड डबा गिअरबॉक्सच्या तोंडात फिरवत फिरवत बसवावा लागतो, आणि तो तीनदा खट्‌ करून आत जातो. दोन खटक्यांवर समाधान मानून बोल्ट आवळले, की तेलाचा पंप फुटलाच म्हणून समजा.

"बसला," साखऱ्या म्हणाला.

"किती झाले?"

"तीन."

"दोन झाले. मी ऐकतेय."

त्याने पुन्हा फिरवला. खट्‌.

त्याच्याशी ती कामापुरतंच बोलत होती. त्याचा हात कापला तेव्हा पट्टी दिली, पण बांधली नाही.

शनिवारी दुपारी तिने बाईंना बोलावून घेतलं. टेबलावर सगळं मांडलेलं होतं. बाई खुर्चीत बसल्या आणि अक्काने पहिल्यापासून सांगितलं, एकही शब्द गाळला नाही. ब्रेक, चकत्या, कूलर, डोळ्याचं ऑपरेशन, हवा मारली ते, आणि सुचलं ते सांगितलं तेही. साखऱ्या भिंतीला टेकून उभा होता, हात काळे, शर्ट नाही, नुसत्या बनियनवर.

बाईंनी फडकं जवळ ओढलं. चष्मा चढवला. काळ्या चिखलातला एक पिवळा कण नखावर घेतला, मग टेबलावरची चकती उचलून तिची कड त्याच नखाने चाचपून बघितली. चारही चकत्या तशाच बघितल्या, सावकाश, जसं काही कुणाचा रिपोर्ट द्यायचाय.

"यातली एकही तुटलेली नाही," त्या म्हणाल्या.

"नाही."

"म्हणजे आधीच्याचं आहे."

"हो."

"मॅडम," साखऱ्या पुढे आला, "माझा तसा हेतू नव्हता. तुमचं मन दुखावलं असेल तर—"

"तीन महिने," बाई त्याच्याकडे न बघता म्हणाल्या, "मी रोज त्या पायाला शिव्या दिल्या. आंघोळ करताना, झोपताना. चाळीस वर्षांत दिल्या नव्हत्या. बिचारा पडून होता आपला."

मग त्या उठल्या. "गाडी चालते?"

"चालते," अक्का म्हणाली.

"तुम्ही मागे बसा. हे पुढे बसतील, माझ्या शेजारी."

पट्टा अक्काने कालच कापून टाकला होता. बाईंनी दोन्ही हातांनी डावा पाय उचलून आत ठेवला आणि गाडी सुरू केली. गिअरचा दांडा ओढला. धक्का नाही, गुरगुर नाही. गाडी फाटकाबाहेर पडली. साखऱ्या समोर बघत होता.

"रस्त्याकडे मी बघते," बाई म्हणाल्या. "तुम्ही माझ्या पायाकडे बघा."

"मॅडम, कशाला आता—"

"तुम्ही मला न बघता सांगितलंत. आता बघून सांगा."

साखऱ्याने मान खाली घातली. अक्काला मागून त्याची मानच तेवढी दिसत होती, घामाने आणि काळ्या तेलाने माखलेली. बाईंनी गाडी मोठ्या रस्त्याला काढली, उड्डाणपुलावर चढवली, उतरवली. सिग्नलला थांबल्या, पण खाली वाकल्या नाहीत. बाजाराच्या गर्दीत दहा वेळा ब्रेक, दहा वेळा चालू. एका वळणावर ट्रक अंगावर आला, साखऱ्याने दचकून मान वर केली.

"पाय," बाई म्हणाल्या.

त्याने पुन्हा मान खाली घातली. पाऊण तास त्या गाडी चालवत होत्या. रुग्णालयाच्या दारापर्यंत गेल्या आणि तिथून वळल्या.  साखऱ्याच्या अंगाचा जळक्या तेलाचा वास गाडीभर झाला होता आणि अक्काने खिडकी उघडली नाही.

गॅरेजपाशी येऊन बाईंनी गाडी उभी केली.

"हलला?"

"नाही."

"ब्रेकवर गेला?"

"एकदाही नाही, मॅडम." साखऱ्याने मान वर केली. "तिथेच होता. पूर्ण वेळ."

बाईंनी मान डोलावली. पर्समधून फोन काढला, नंबर लावला आणि पलीकडून आवाज आल्यावर फक्त एवढंच म्हणाल्या, "गाडीत बसलेय. गॅरेजवाले बोलताहेत, नीट ऐक." आणि फोन साखऱ्यापुढे धरला.

त्याने अक्काकडे वळून बघितलं. अक्काने त्याच्याकडे बघितलं आणि काही केलं नाही. शेवटी त्याने फोन घेतला.

"हॅलो... हो, मीच. नाही, काही विशेष नाही, गाडी आता एकदम मस्त झालीय, आणि आईंचा पायबिय काही—"

"तसं नाही," बाई म्हणाल्या. "तेव्हा कसं समजावून सांगितलं होतंत, चित्र काढून? तसं. मी आहे इथे, मला घाई नाही."

साखऱ्याने फोन एका कानावरून दुसऱ्या कानाला लावला. हातातलं काळं त्याच्या गालाला लागलं.

"ऐका," तो म्हणाला. "तुमच्या आईंचा पाय ब्रेकवर कधीच नव्हता. कूलर मी धुतला नव्हता."

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. साखऱ्याने डोळे मिटले.

"हो," तो म्हणाला. "मला माहीत होतं."